धोट्याच्या कट्ट्यावरचे आठ खटके

इचलकरंजीकडून नदीच्या अंगानं आत वळलं की आमचा माळभाग लागतो. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये दहा-अकरा फुटांची गल्ली, आणि गल्ली संपते तिथं हा गोल कट्टा. चपला तिकडंच काढा. हे देऊळ नाही, तरी काढा. कट्ट्यामागची ती रंगवलेली भिंत बघा. नावं आहेत, चेहरे आहेत, डोक्यावर उभी राहून गरगर फिरणारी पोरं आहेत, तोंडाशी माईक धरलेली एक नऊवारीतली बाईसुद्धा आहे. एवढ्या रंगात मधोमध डोळ्याच्या आकाराची एक जागा मात्र कोरी सोडलेली दिसेल. दरवर्षी सगळी भिंत नव्यानं रंगवतात, तेवढ्या जागेला कुणी ब्रश लावत नाही.

आणि कट्ट्याच्या मध्ये काचेच्या पेटीत जे लाकडी होडीसारखं दिसतं, तो धोटा. मागावर कापड विणताना हाच धोटा सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडं धावतो, मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. त्याला दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असतं. ह्या धोट्याचं एक टोपण गेलेलं आहे. ते कुठं गेलं, तीच आमच्या कट्ट्याची गोष्ट.

माघ पौर्णिमेनंतर मागांना जी पहिली सुट्टी येते, त्या दिवशी इथं मेळा भरतो. सकाळी दहाला सुरू होतो, ऊन कलायच्या आत संपतो. पोरं सुताच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरून त्यावर नाचतात. एखादा तोंडानंच मागाचा आवाज काढतो, खट्ट-खटक, खट्ट-खटक, आणि त्या ठेक्यावर दोन्ही ओळींची पोरंपोरी एकमेकांचा यमकात उद्धार करतात. ऐकवत नाही एकेकदा. पण नियम कडक आहेत. धोटा ज्याच्या हातात, तोच बोलणार. पहिली ओळ स्वतःच्या चुकीची, मग समोरच्याची. समोरच्यानं ज्या शब्दावर सोडलं, तिथूनच उचलायचं. आठ खटके, म्हणजे मागाचे आठ ठोके, झाले की धोटा द्यायचा, तोही फेकून नव्हे, हातात. देताना मोडकं टोक त्याच्याकडं आणि लोखंडी टोक आपल्या छातीकडं.

तुमच्यासारखे कॅमेरेवाले येतात आणि सांगतात, ह्याला हिप हॉप म्हणतात, हे अमेरिकेतून आलं. असेल. तिकडंही म्हणे गल्लीगल्लीत हाडवैर होतं, आणि रस्त्याच्या खांबावरून वीज घेऊन लोक दारात गाणी लावायचे. आम्हाला ते टीव्हीवर दिसलं ते फार उशिरा. दिसलं तेव्हा वरच्या ओळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या होत्या, "अगं, ही तर आपल्यासारखीच भांडत्यात!"

तर असं सांगतात की पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी इथं मोठा संप झाला होता. खालच्या ओळीनं माग बंद ठेवले ते चार महिने ठेवले. भांडी मोडीत गेली, पोरं शेंगा वेचायला गेली, पण माग फिरवला नाही. वरच्या ओळीनं मात्र तिसऱ्या महिन्यात एका सकाळी माग सुरू केले. त्या सकाळचा तो खटखटाट खालच्या ओळीनं दारात उभं राहून ऐकला. संप मोडला, वैर राहिलं. हळदीकुंकू बंद, सोयरीक बंद. एवढंच काय, मयताला खांदासुद्धा बंद. गल्ली एक, पण सडा आपापल्या अर्ध्या भागातच घालायचा, आणि चुकून पाणी पलीकडं गेलं की पलीकडची बाई खराट्यानं ते परत लोटायची.

खालच्या ओळीत राजाक्का म्हेतर राहायची. विधवा बाई, कांड्या भरायची. म्हणजे धोट्यात घालायची जी कांडी, तिच्यावर सूत गुंडाळायचं काम. हात चपळ आणि तोंड हाताहून चपळ. तिचं यंत्र खिडकीपाशी, आणि बरोबर समोरच्या खिडकीत वरच्या ओळीची आनंदी खवरे. दोघी एकाच वयाच्या, माहेरही एकाच गावचं. लहानपणी एका झोपाळ्यावर बसलेल्या, असं आनंदीची सून सांगायची. संपानंतर मात्र दोघींचं भांडण सकाळी यंत्राबरोबर सुरू व्हायचं आणि यंत्राबरोबरच थांबायचं. दहा वर्षं. लोक म्हणायचे, राजाक्काला शिवी सुचायला कधी दम खावा लागत नाही.

राजाक्काचा एकुलता एक लेक मधुकर. चोवीस वर्षांचा, उंचापुरा, कट्ट्यालगतच्या कारखान्यात सात नंबरच्या मागावर कामाला. आणि आनंदीचा लेक विलास, जॉबर. मागाची दुरुस्ती करतो तो जॉबर. दोन्ही ओळींत तेवढा एकच चांगला जॉबर होता, त्यामुळं खालच्या ओळीला नाक मुठीत धरून त्याला बोलवावं लागायचं. तो यायचा, कुणाशी न बोलता पाना फिरवायचा आणि जायचा. कुणी त्याला पाणी विचारायचं नाही. विचारलं असतं तरी तो प्यायला नसता.

एके दिवशी विलासनं सात नंबरचा माग दुरुस्त केला. दुसऱ्याच सकाळी त्या मागातून धोटा उडाला. चालत्या मागातून धोटा सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. तो मधुकरच्या उजव्या डोळ्यात बसला आणि तिथून भिंतीवर. एक टोपण भिंतीत रुतून तुटलं.

मिरजेच्या दवाखान्यात डोळा काढला. खालच्या ओळीत त्या दिवशी चूल पेटली नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच. पाना विलासनं फिरवला होता.

पण एक गोष्ट राजाक्काला ठाऊक होती. लेकाला टांग्यात घालून नेल्यावर ती मागाखालचं रक्त पुसायला वाकली, तेव्हा तिला धोट्यातून निसटलेली कांडी सापडली. कांडी फुगलेली होती. भरायची तेवढं सूत भरून झाल्यावरही कुणीतरी गुंडाळतच राहिलं होतं. अशी फुगीर कांडी धोट्याबाहेर डोकावते, ताण्याच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यात अडकते आणि धोट्याची वाट चुकवते. हे माळभागातलं शेंबडं पोरही सांगेल. कांडीच्या बुडाला हिरव्या दोऱ्याची गाठ होती. प्रत्येक कांडीवालीची आपली खूण असते. हिरवी गाठ राजाक्काची.

तिला ती कांडी भरल्याची सकाळ आठवली. आनंदी खिडकीतून म्हणाली होती, "राजे, तुझ्या दारात कुत्रंसुद्धा जेवायला थांबत न्हाई." त्यावर राजाक्कानं जे तोंड सोडलं, ते चांगला पाव तास. हात आपले यंत्रावर चालूच होते. कुठल्या शिवीला कांडी भरली आणि कुठल्या शिवीला फुगली, तिला कळलं नव्हतं.

तिनं कांडी पदरात घातली, घरी आणून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली, आणि गप्प बसली. लेकाला काय सांगायचं? तुझा डोळा माझ्या तोंडानं खाल्ला म्हणून? आणि ओळीला?

मधुकर घरी आला तो डोक्याला पट्टी बांधून. खालच्या ओळीची माणसं त्याच्याभोवती बसली. त्यांत मधुकरचा चुलता सिदू म्हेतर पुढं होता. म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी त्याला कट्ट्यावर बोलवायचं. एका डोळ्याचं दोन डोळं."

"तो येतोय व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"न्हाई आला तर घरातनं वडून आणू. वहिनी, तू का गप्प? तुझ्या पोराचा डोळा गेलाय!"

राजाक्का म्हणाली, "मला काय इचारताय?"

"बघा, हिचं तोंड पण बंद पडलंय," सिदू म्हणाला. "एवढं झालंय म्हंजे बघा."

वरच्या ओळीला बातमी जायला गल्ली ओलांडण्यापुरताच वेळ लागला. तिथंही लोखंडी पहारी बाहेर निघाल्या. विलास मात्र म्हणाला म्हणे, "मी जाणार. न गेलो तर खरंच मी केलं असं हुईल." आनंदीनं त्याच्या पायाला मिठी मारली, तरी त्यानं ऐकलं नाही. पाच दिवस उरले होते. त्या पाच दिवसांत समोरासमोरच्या त्या दोन खिडक्यांतून एकही शब्द गेला नाही, आणि माळभागाला पहिल्यांदाच भीती वाटली.

माघ पौर्णिमेनंतरच्या त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी राजाक्का चौंडेश्वरीच्या देवळात गेली. गुरवानं पुढं सांगितलं की तिनं ना ओटी भरली ना नारळ फोडला. नुसती उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, खरं आहे ते माझ्याच्यानं बाहेर पडंना. तू काढून घे. काढून घेतलंस की हे तोंड तुला वाहिलं, पुन्यांदा कुणावर उघडणार न्हाई." मग घरी जाऊन तिनं तांदळाचा डबा उपसला.

दहाच्या सुमाराला दोन्ही ओळी कट्ट्याला भिडल्या. इकडं सिदू आणि वीसेक माणसं, तिकडं विलास आणि त्याच्या मागं पहारी. मधुकर घरात नव्हता, कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं. माणसं येऊन बघतात तर कट्ट्याच्या मधोमध राजाक्का मांडी घालून बसलेली. पुढ्यात तो एका टोपणाचा धोटा.

"वहिनी, ऊठ," सिदू म्हणाला.

"डोळा माझ्या पोराचा गेला, आधी मान माझा," ती म्हणाली. "आनंदे! पोराच्या मागं लपतीस का? ये की पुढं. तू आणि मी. जिचं उत्तर संपंल ती हरली. मी हरले तर तुझ्या पोराला हात लागणार न्हाई. तू हरलीस तर ही माणसं आहेत आणि तो आहे. पण हा धोटा हातात घिऊन खोटं बोलायचं न्हाई. ह्याला रगत लागलंय."

आनंदी गर्दीतून पुढं आली. तिनं पदर खोचला होता. म्हणाली, "दहा वर्सं उत्तर संपलं न्हाई, ते आज संपतंय व्हय? दे."

"आधी मी," राजाक्का म्हणाली आणि सुरू झाली.

"संप आमचा, उपास आमचा, रिकाम्या पोटी लढलो गं,
तुझ्या घरात माग फिरला, तुझ्या दारावर थुकलो गं!"

खालची ओळ गरजली. तिनं धोटा आनंदीच्या हातात दिला. आनंदीनं शब्द तिथूनच उचलला.

"थुकलीस तवा भिंत भिजली, माझं काय भिजलं गं?
तुझ्या घरात बोलणं शिजतं, अन्न कवा शिजलं गं?"

आता गरजायची पाळी वरच्या ओळीची. कुणीतरी पहार दगडावर आपटली. आणि तेवढ्यात, असं सांगतात, तो आवाज आला. खट्ट-खटक. खट्ट-खटक. सुट्टीचा दिवस, सगळ्या माळभागात वीज नाही, आणि बंद कारखान्यातून सात नंबरचा माग चालल्याचा आवाज. सिदूनं कारखान्याचं दार ढकलून बघितलं, तर आतून कडी. कुणी म्हणालं, आई चौंडेश्वरी मागावर बसली. आजही तसंच मानणारे पुष्कळ आहेत. जाणते लोक म्हणतात, चाक हातानं फिरवलं की माग चालतो, फक्त खांदे मोडून जातात. आपण दोन्ही ऐकून घ्यावं.

त्या ठेक्यानं दोघींना धरलं. आता राजाक्काही उठली होती, दोघी उभ्या होत्या, आणि पाय आपोआप खटक्यावर पडत होते. धोटा ह्या हातातून त्या हातात. राजाक्कानं आनंदीच्या सुनेचा उद्धार केला, आनंदीनं राजाक्काच्या मेलेल्या नवऱ्याला चितेवरून उठवावं तसं उठवलं. त्यातलं निम्मंअधिक तुमच्यासमोर म्हणता येत नाही. एवढा विखार, पण पहारी खाली टेकल्या होत्या, कारण पुढची ओळ ऐकू आली पाहिजे. विलासच तेवढा मान खाली घालून उभा होता.

शेवटी आनंदीनं फिरून 'शिजलं'वरच सोडलं, आणि राजाक्का म्हणाली,

"शिजलं न्हाई तरी लाजलो न्हाई, मालकाचं उष्टं चाटलं न्हाई,
तुझ्या लेकानं पाना फिरवला, काळीज त्याचं फाटलं न्हाई?"

असं म्हणताना तिचा आवाज चिरकला. तो फक्त आनंदीला ऐकू गेला असावा. दहा वर्षं तो आवाज रोज ऐकणारी ती एकटीच होती. तिनं धोटा घेतला, राजाक्काच्या डोळ्यांत रोखून बघितलं.

"फाटलं तर माझं लुगडं फाटलं, लेकाचं इमान फाटलं न्हाई,
धोटा धरून सांग मला तू, मनाला तुझ्या पटलं न्हाई?"

आणि धोटा दिला. देताना लोखंडी टोक तिनं स्वतःकडं धरलं. का धरलं, तिलाही सांगता आलं नाही पुढं.

राजाक्काच्या हातात धोटा. माग चालू. एक खटका, दोन, तीन, चार. सिदू ओरडला, "बोल की वहिनी!" खालच्या ओळीला वाटलं, संपलं उत्तर. सातव्या खटक्याला तिनं पदरातून ती फुगलेली कांडी काढली आणि हिरवी गाठ दिसेल अशी वर धरली.

"पटलं गं बाई, तवाच पटलं, माझ्याच हातनं सूत सुटलं,
कांडी माझी फुगली हुती, माझ्या लेकाचं बुबुळ फुटलं!"

त्याच क्षणी माग थांबला.

सगळ्या माळभागाला कळलं की आता कारखान्याचं दार उघडणार. बराच वेळ ते उघडलं नाही. मग कडी निघाली आणि मधुकर बाहेर आला. अंगातून घामाच्या धारा, तळहात सोलवटलेले, पट्टीवर ताजं रक्त. तो गर्दीतून चालत कट्ट्यापर्यंत आला. राजाक्का उभी होती तशीच, हातात कांडी. त्यानं कांडी घेतली, गाठ बघितली, परत तिच्या हातात दिली. आणि तिच्याशी एक शब्द न बोलता, तिच्या घराकडं न वळता, गल्लीतून निघून गेला.

तुम्हाला वाटेल, मग सगळे गळ्यात पडले असतील. छे! वरच्या ओळीनं राजाक्काला खोटारडी म्हटलं, खालच्या ओळीनं घरबुडवी म्हटलं. सिदूनं तिच्या दारापुढून जाणं सोडलं. विलासनं खालच्या ओळीचे माग पुढं दोन वर्षं दुरुस्त केले नाहीत, आणि त्याला कोण बोलणार? आनंदीनंही काही समोर येऊन हात धरला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सडा घालताना पाणी पलीकडं गेलं, तेव्हा तिनं ते परत लोटलं नाही, एवढंच.

राजाक्कानं देवीला दिलेला शब्द पाळला. भाजी मागायला, शेजारच्या पोराला हाक मारायला तोंड उघडायची, पण वावगा शब्द पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही. मधुकर गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिला. एका डोळ्यानं मागावर बसता येईना, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. आई रस्त्यानं दिसली की रस्ता बदलायचा. वर्ष गेलं.

पुढच्या माघात पौर्णिमेनंतरच्या सुट्टीला दोन्ही ओळींत पुन्हा कुरबुर झाली, काही तरी सांडपाण्यावरून. पहारीकडं हात जायच्या आधी कुणाला तरी कट्टा आठवला. माणसं जमली. आणि तिथं मधुकर आला. त्यानं धोटा उचलला. तो राजाक्कासमोर उभा राहिला आणि वर्षात पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"चाक म्या फिरवलं ठेक्यासाठी, डोळं त्याचं मागत हुतो,
डोळा माझा तू घेतलास, आई, अन् म्या दुसऱ्याला शापत हुतो!"

बघा, पहिली ओळ स्वतःच्या चुकीची, विलासचे डोळे मागितल्याची. तिथूनच ती रीत पडली. दुसरी ओळ तिच्या काळजात गेली असणार, पण ती रडली नाही. त्यानं धोटा पुढं केला. लोखंडी टोक आपल्या छातीकडं. तिनं दोन्ही हातांनी घेतला. उत्तर तिला सुचलं नसेल असं कोण म्हणेल? पण तोंड वाहिलेलं होतं. आठ खटके ती धोटा छातीशी धरून नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि मग परत दिला.

असं एकोणीस वर्षं. वर्षातून एक दिवस लेक आईशी बोलायचा, तोही चार माणसांत, तोही तिला लागेल असंच. आणि त्या दिवशी राजाक्का हिरवं इरकल नेसायची, केसांत अबोली घालायची, आठ वाजल्यापासून कट्ट्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर येऊन बसायची. एखादी विचारायची, "अक्का, शिव्या खायला एवढी नटलीस व्हय?" ती हसायची. उरलेले दिवस तो रस्ता बदलतच राहिला.

विसाव्या वर्षी, मेळ्याला अकरा दिवस असताना, राजाक्का गेली. खांदा द्यायला वरच्या ओळीतून एकटा विलास आला. मधुकर स्मशानात लांब उभा होता. मेळा बंद ठेवावा असं खालच्या ओळीचं म्हणणं पडलं, तेव्हा आनंदी म्हातारी काठी टेकत कट्ट्यावर आली आणि म्हणाली, "तिची पाळी हाय. तिची पाळी चुकवायची न्हाई."

तेव्हापासूनची ही रीत. आजही दोन्ही ओळींत सोयरीक होत नाही. आजही सिदूचे नातू आणि विलासचे नातू एकमेकांची तोंडं बघत नाहीत, मेळ्याला मात्र यमकं जुळवून येतात, आणि त्या सकाळनंतर ह्या गल्लीत पहार उचललेली नाही. आजही भिंत मधुकरच रंगवतो, सत्तरी जवळ आली तरी. तुम्ही उद्या मेळा बघाल तेव्हा सुरुवातीला तो पुढं येईल. त्याची ओळ म्हणेल. दरवर्षी नवी असते, आणि अजूनही गोड नसते. मग धोटा त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या दगडापुढं धरून उभा राहील, मोडकं टोक दगडाकडं, लोखंडी टोक स्वतःकडं. तोंडानं ठेका धरणारा पोरगा आठ खटके मोजेल. म्हणणं संपलं असं समजून पाहुणे तेव्हा टाळ्या वाजवतात. तुम्ही वाजवू नका. राजाक्काची पाळी चालू असते.